बोलेरो : एक पुनर्विचार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला आणि पलीकडच्या पुरुषाने कोणतीही प्रस्तावना न करता विचारले, "किती चाललीय?"

मी पस्तीस वर्षे संस्कृत काव्यशास्त्र शिकवले आहे. प्रस्तावनेवाचून सुरू होणाऱ्या कोणत्याही गोष्टीचा मला तिटकारा आहे. परंतु आठवड्याने मी ज्या ध्वनिफिती सभेत ऐकवणार होतो त्यांच्याविषयीच हा प्रश्न असणार, असे गृहीत धरून मी उत्तर दिले, "रोज दुपारी दोन ते चार. त्याहून अधिक कधीच नाही."

"म्हणजे कमीच म्हणायची. मालक किती झाले?"

"एकच. एक स्त्री."

"लेडीज हँड. मग चांगलीच ठेवली असणार. आवाज वगैरे?"

"आवाज किंचित घरघरतो. पण मूळचा दर्द शाबूत आहे."

‘दर्द’ हा शब्द त्याने स्वतःशीच एकदा उच्चारून पाहिला. मला वाटले, रसिक आहे. मग त्याने काळजीच्या सुरात विचारले, "दर्द म्हणजे गिअरबॉक्सला का?"

माझा आणि या शहराचा एका शब्दाबाबत मूलभूत मतभेद आहे, हे मला त्या क्षणी कळले. बोलेरो हा लॅटिन अमेरिकेतील प्रेमगीताचा एक संथ, निर्लज्ज आणि अश्रूंनी चिंब प्रकार आहे. तो क्यूबात जन्मला, मेक्सिकोत वाढला आणि शंभराहून अधिक वर्षे परक्या देशांतल्या, भाषेचा गंध नसलेल्या माणसांनाही रडवत आला. हे सर्व मला संदर्भांसह सिद्ध करता येते. परंतु ज्या शहराच्या औद्योगिक वसाहतीतून याच नावाची जीप बाहेर पडते, तेथे संदर्भांना कोण विचारतो? नाशकात बोलेरो म्हणजे बोलेरो. ती चांदवडचा कांदा वाहते, त्र्यंबकचे भाविक वाहते, आणि तिच्याविषयी कोणीही पुनर्विचार करत नाही.

मी तयार केलेली सूचना निर्दोष होती. ‘बोलेरो : एक पुनर्विचार. जुन्या, अस्सल, दुर्मिळ ध्वनिफितींसह सप्रयोग व्याख्यान. वक्ते : प्रा. गो. वि. गायधनी. रविवारी सायंकाळी साडेपाच, सोसायटीचे सभागृह. सर्वांना मुक्त प्रवेश.’ ही सूचना मी आमच्या गंगापूर रोडवरील सोसायटीचे सेक्रेटरी धवल पारख यांच्याकडे दिली. पारख यांचा टाइल्सचा व्यवसाय आहे आणि स्वभाव परोपकारी. त्यांनी ती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकताना तिचे पुढीलप्रमाणे कल्याण केले : ‘जुनी अस्सल बोलेरो. गायधनी सर. रविवार ५.३०, सोसायटी हॉल. येऊन खात्री करा.’ खाली माझा नंबर. तेथून ती ग्रुपाग्रुपांतून जिल्हाभर फिरली.

मी जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "सर, तुमचं फार मोठं होतं. मेन मेन ठेवलं."

बुधवारपर्यंत सदतीस फोन आले. एकाला आठ माणसे त्र्यंबकला तीन दिवसांच्या विधीसाठी न्यायची होती. मी कोणालाही कोठेही नेत नाही असे सांगितल्यावर त्याने, मग गाडी दारात कशाला ठेवली आहे, असा प्रश्न केला. दुसऱ्याला टपावर भोंगा बसतो का हे हवे होते. निवडणुका जवळ आल्या होत्या. तिसऱ्याने मी प्राध्यापक असल्याचे ऐकून, तुमच्यासारख्यांच्या गाड्या न वापरल्याने खराब होतात, असा शेरा मारला. हा शेरा मी नंतर बराच वेळ मनात घोळवला. त्यात अनवधानाने का होईना, बरेच सत्य होते.

साधी गोष्ट होती. मी एक दुरुस्ती प्रसृत करायला हवी होती. मी ती केली नाही, आणि न करण्यामागे कारण होते.

माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी हवापालटासाठी इगतपुरीला, तिच्या मावशीच्या रिकाम्या घरात राहायला गेली. विचारणाऱ्यांना मी असेच सांगतो. हवा अजून पालटते आहे. मूळ कारण असे की तिच्या मामेभावाने, जो बोटीवर नोकरीस होता, तिला सात कॅसेटी आणून दिल्या होत्या आणि ती रोज दुपारी त्या ऐकत असे. ऐकता ऐकता रडत असे. मग डोळे पुसून चहा ठेवत असे. मी त्या काळी एका त्रैमासिकासाठी भावविवशतेवर लेख लिहीत होतो आणि मला दाखला हवा होता. मी लिहिले : ‘आमच्या परिचयातील एक गृहिणी, ज्या भाषेचा तिला गंध नाही त्या भाषेतील गाणी ऐकून रोज दुपारी दोन ते चार रडते, ही रसास्वादाची नव्हे, पचनाची क्रिया आहे.’ वाक्य गाजले. दोन परिसंवादांत उद्धृत झाले.

माझ्या सगळ्या लेखांची प्रुफे तीच वाचत असे. याचीही वाचली. त्या वाक्यातला माझा एक ऱ्हस्व तिने दीर्घ केला, कागद माझ्या टेबलावर ठेवला, आणि पंधरा दिवसांनी तिने बॅग भरली. तिने सुचवलेली दुरुस्ती अचूक आहे, असे मी तिला त्या वेळी आवर्जून सांगितले होते.

कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर मागेच राहिले. गेल्या फेब्रुवारीत मी ते भंगारवाल्याला देऊ केले. त्याने चालतो का हे पाहण्यासाठी जिन्यातच बटण दाबले. एक माणूस गाऊ लागला. मला एकही शब्द कळत नव्हता आणि काहीही न कळण्यासारखे त्यात नव्हते. भंगारवाला वजनकाटा हातात धरून उभा राहिला. दुसरे गाणे संपल्यावर, द्यायचा आहे की नाही, असे त्याने विचारले. मी जिन्याच्या पायरीवर बसलेला होतो आणि माझ्या चष्म्यातून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. नाही, असे मी म्हणालो. त्याच आठवड्यात, तिच्या कपाटात साड्यांखाली मला एक स्पॅनिश शब्दकोश सापडला. त्याच्या समासात तिच्या अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले होते, अगदी शेवटच्या पानापर्यंत. म्हणजे भाषेचा गंध नसलेली व्यक्ती त्या घरात दुसरीच होती.

एखाद्या सामान्य माणसाने अशा प्रसंगी फोन उचलून क्षमा मागितली असती. परंतु जी चूक छापून केली ती चार भिंतींआड दुरुस्त करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. जाहीर चुकीला जाहीर दुरुस्ती, हे तत्त्व म्हणून निर्विवाद आहे. इगतपुरीचा नंबर माझ्यापाशी सहा वर्षे होता आणि तो लावण्याचे धैर्य मला एकदाही झाले नव्हते, ही बाब या तत्त्वाच्या तुलनेत गौण.

तर दुरुस्ती न काढण्याचे कारण हे. माझ्या पत्नीने सोसायटीचा ग्रुप सोडला नव्हता. फक्त मला सोडले होते. बाकी साऱ्या जिल्ह्याने त्या सूचनेत जीप वाचली तरी तो शब्द बरोबर वाचू शकणारी एक व्यक्ती होती, आणि सूचना तिच्यासाठीच होती. मी पारखांना, संशोधनाच्या गरजेसाठी म्हणून, ती सूचना कोणी कोणी पाहिली याची यादी विचारली. ते फोन समोर धरून नावे वाचत गेले. चौऱ्याऐंशी नावांनंतर सहज म्हणाले, "वहिनींनी पण बघितलंय, सर. मंगळवारीच."

मी यादीबद्दल त्यांचे आभार मानले.

सभागृह मिळवणे मात्र सोपे नव्हते. आवारात वाहनाचे प्रदर्शन मांडावयाचे असल्यास समितीचे ना-हरकत पत्र लागते, असा नियम निघाला. वाहन नाही, असे मी लेखी दिले. वाहन नसल्यास नमुना क्रमांक तीन भरावा लागतो आणि त्यासोबत वाहनाच्या आरसी बुकाची प्रत जोडावी लागते, असे लेखी उत्तर आले. या वाक्यरचनेत मी अनेक दार्शनिक शक्यता पाहिल्या. शेवटी मी पहिल्या कॅसेटच्या वेष्टनाची झेरॉक्स जोडली. ती स्वीकारली गेली. नोंदवहीत शेरा आहे : ‘आरसी बुक परदेशी.’

मंगलाबाई सकाळी माझ्याकडे पोळ्या करायला येतात. पूर्वी आमच्याकडे येत. त्यांनी हे सारे कोणाकडून तरी ऐकले आणि दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "सर, गाडी होती, तर ताईंना आणायला का नाही गेलात?"

गाडी नाही, असे मी म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही. गाडी नसणे हे न जाण्याचे कारण नव्हते, हे मी सांगितले नाही. त्या दिवशीच्या पोळ्या करपल्या होत्या आणि मी त्या निमूटपणे खाल्ल्या.

ध्वनिक्षेपकाच्या परवान्यासाठी पोलिसांकडे जावे लागले. गाणी परकीय भाषेतील असल्याने त्यांचा मराठी अनुवाद सादर करावा, असे तेथील हवालदार नाथा गांगुर्डे यांनी सांगितले. पन्नाशीचे, जाड मिशीचे, शांत गृहस्थ होते. मी तिच्या शब्दकोशाच्या आधाराने केलेला अनुवाद पुढे केला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला आणि वाचून दाखवायला सांगितले. त्यांचा चष्मा घरी राहिला होता.

पोलीस ठाण्यात, हरवलेल्या मोबाईलची तक्रार द्यायला आलेल्या दोन मुलींच्या आणि एका दारुड्याच्या समक्ष, मी वाचले : ‘तू गेलीस त्या दिवसापासून मी दाराला कडी लावलेली नाही. चोर येऊन गेले. तू आली नाहीस.’

"चोरी झाली," हवालदार म्हणाले. "तक्रार दिली का?"

हे मेक्सिकोत घडले असल्याचे मी निदर्शनास आणले.

"मग आपल्या हद्दीत नाही." त्यांनी शिक्का उचलला आणि तो तसाच धरून ठेवला. "आली का मग ती?"

"नाही."

"गाणं संपेपर्यंत?"

"संपल्यानंतरही नाही."

"आणि हा कडी लावत नाही."

"लावत नाही."

"येडा आहे," हवालदार म्हणाले. पण त्यांनी ते इतक्या हळू म्हटले की दारुड्यानेही मान वर करून पाहिले. मग त्यांनी परवान्यावर शिक्का मारला, अनुवादाच्या कागदाची घडी घातली, आणि ती फाइलला लावण्याऐवजी शर्टाच्या खिशात ठेवली. मी एकूण अकरा विद्यापीठीय समीक्षकांच्या अभिप्रायांना सामोरा गेलो आहे. एवढा नेमका अभिप्राय मला त्यांच्यापैकी कोणाकडूनही मिळाला नव्हता.

रविवारी सव्वापाचला सभागृह भरले. मी सभागृह भरलेले पाहिले त्याला पुष्कळ वर्षे झाली होती. माझ्या निवृत्तीच्या समारंभालाही इतकी गर्दी नव्हती. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जिज्ञासा होती. अनेकांनी सोबत मेकॅनिक आणले होते. सातआठ जण खाली पार्किंगमध्ये गाडी शोधत फिरत होते, आणि त्यांच्यापैकी एक जण टॉर्च घेऊन तळमजल्यावरच्या देशमुखांच्या मोटारीखाली शिरला होता. देशमुख माझ्याशी अजूनही बोलत नाहीत.

पहिल्या रांगेत चांदवडहून आलेले कारभारी नावाचे शेतकरी बसले होते आणि शेजारी त्यांची आई, बयाबाई. म्हातारीला गुडघ्यांचा त्रास होता. पुढच्या सीटवर पाय लांब करता येतात का, याची परीक्षा तिनेच करावी म्हणून तिला आणले होते. असा सरळ आणि प्रेमळ हेतू घेऊन माझ्या व्याख्यानाला आजवर कोणी आले नव्हते, हे मी येथे नमूद करतो.

"सर, आधी गाडी दाखवा, मंग बोला," कारभारी म्हणाले.

मी माइकवरून स्पष्ट केले की गाडी नाही, कधीच नव्हती, बोलेरो हा गीतप्रकार आहे. सभेत कुजबुज पसरली. ती समजुतीची नव्हती. मग खुर्च्या सरकल्या आणि दोन तृतीयांश श्रोते, लग्नात पंगत चुकल्यासारखे, माझ्याकडे न बघता निघून गेले. उरले ते साडेसहाला चहा आणि कचोरी येणार असल्याचे पारखांनी आगाऊ जाहीर केल्यामुळे. बयाबाईंना गुडघ्यांमुळे लगेच उठता येत नव्हते आणि कारभारींना आईमुळे.

मधल्या रांगा रिकाम्या झाल्या तेव्हा शेवटची रांग दिसू लागली. तेथे ती बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, हात पिशवीवर. तिचे केस पांढरे झाले होते. मला कोणी कळवले नव्हते.

मी व्याख्यान सुरू केले. बावीस पाने होती. मी म्हणालो की आपल्या काव्यपरंपरेतला विरही माणूस स्वतः कधी बोलत नाही. तो मध्ये ढग घालतो, हंस घालतो, एखादी सखी घालतो, आणि या पळपुटेपणाला आपण हजारो वर्षे मर्यादाशील अभिरुची म्हणत आलो. बोलेरोचा गायक मध्ये कोणालाही घालत नाही. तो खिडकीखाली उभा राहतो आणि म्हणतो, तू गेलीस, मला सोसत नाही, ये. यात कल्पनेची भरारी नाही. एखाद्या पोरालाही सुचेल. आणि तरीही शंभर वर्षांत हे गाणे जुने झाले नाही, कारण ते गाणाऱ्याने आपली अब्रू गाण्याआधीच बाजूला काढून ठेवलेली असते. ऐकणाऱ्याला वाटते, हे मलाही म्हणता आले असते. त्याला ते म्हणता आलेले नसते. म्हणून तो रडतो. त्यासाठी भाषा येण्याची गरज नसते.

हा भाग मला बरा साधला. पुढचा सतरा वेळा लिहून काढला होता. मी वाचले : ‘प्रस्तुत वक्त्याच्या एका पूर्वप्रकाशित लेखातील काही विधानांचा या पार्श्वभूमीवर फेरविचार होणे इष्ट ठरेल.’ कर्ता कोठेच नव्हता. मी पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत अशा वाक्यांखाली लाल रेघ मारली आहे.

मग टेपरेकॉर्डर लावला. आवाज घरघरला आणि कडी न लावणारा तो माणूस गाऊ लागला. कोणी खोकले नाही. पारख फोन पाहत होते, त्यांनी तो पालथा ठेवला. बयाबाईंनी डोळे मिटले होते. त्या झोपल्या आहेत असे मला वाटले, पण त्यांचा अंगठा गुडघ्यावर ठेका धरत होता. शेवटच्या रांगेकडे मी पाहिले नाही. मला ते शक्य नव्हते.

गाणे संपल्यावर, कोणास काही शंका असल्यास विचारावी, असे मी म्हणालो. कारभारींनी हात वर केला.

"म्हंजी गाडी नायच?"

नाही, असे मी सांगितले. "बरं," ते म्हणाले, आणि बसले.

मग शेवटच्या रांगेतून हात वर आला. "वक्त्यांनी ज्या लेखाचा उल्लेख केला," ती उभी राहून म्हणाली, "त्यात एका गृहिणीचा दाखला होता. तिचं नाव काय?" स्वर परका, सभेत शोभेल असा.

मी उत्तरलो की विवेचनाच्या दृष्टीने त्या व्यक्तीचे नाव महत्त्वाचे नाही. ती तेथे एका प्रवृत्तीची प्रतिनिधी म्हणून येते. व्यक्तिनिरपेक्षता हा समीक्षेचा...

"अहो, मी नाव विचारलं."

‘अहो’ हा शब्द मराठीत कोणालाही उद्देशून वापरता येतो. रिक्षावाल्याला, डॉक्टरला, बँकेतल्या कारकुनाला. पण एक ‘अहो’ असा असतो की जो जगात एकच बाई एकाच माणसाला म्हणते, आणि तो कोणत्याही गर्दीत ओळखू येतो. सभागृहात तो पडला आणि सगळ्या माना मागे वळल्या, मग माझ्याकडे वळल्या. बयाबाईंचे डोळे उघडले.

"मालकीण हाय का रं ही मास्तरची?" त्यांनी मुलाला विचारले. ऐकू कमी येणाऱ्या माणसांना आपण कुजबुजतो आहोत असे वाटते. मग थेट मला म्हणाल्या, "नाव घे की मंग. लाजतो काय एवढ्या वयात."

कोणीतरी हसले. कोणीतरी टाळी वाजवली. पारखांनी, ज्यांना कोणत्याही कार्यक्रमाचे लग्नात रूपांतर करता येते, मोठ्याने सुरुवात केली, आणि क्षणात सगळे सभागृह एका ठेक्यात म्हणू लागले : नाव घ्या, नाव घ्या, नाव घ्या.

मी वृत्त, छंद आणि यमक यांवर दोन ग्रंथ लिहिले आहेत. मला दोन ओळी सुचल्या नाहीत. आणि अडचण केवळ यमकाची नव्हती. माझ्यापाशी दोन नावे होती. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने मी जे नाव लिहिले ते ‘तृप्ती’. मीच निवडले होते, कोश पाहून. मागणे संपलेली स्त्री, असा त्याचा अर्थ घेतला तर ते नाव कोणत्या सोयीने निवडले होते हे स्पष्ट होते. घरात, रेशनकार्डावर, माझ्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिकांत तेच आहे. दुसरे नाव तिचे होते. ते मी तिच्या वडिलांच्या तोंडी ऐकले होते. स्वतः कधी उच्चारले नव्हते. फार साधे वाटायचे. नाशकात दर दुसऱ्या घरात एक असते.

ती उभीच होती. पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"गोदावरी," मी म्हणालो. माइक चालू होता.

यमक नसल्यामुळे टाळ्या थोड्या उशिरा आल्या.

तिने मान हलवली, जशी प्रुफातला शब्द बरोबर निघाल्यावर हलवायची. "छापून आलं तर वाचीन," ती म्हणाली. सातची बस होती. चहाची किटली आत आली तेव्हा ती दारातून बाहेर जात होती. पारखांनी तिला आग्रहाने कचोरी दिली आणि तिने ती कागदात बांधून घेतली. मला तिच्यामागे जाता आले असते. मी माइकपाशी उभा राहून समारोपाची पाने चाळत होतो. तीन उरली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्रैमासिकाच्या संपादकांना फोन केला. सहा वर्षांपूर्वीच्या लेखाचे शुद्धिपत्र छापण्याची त्यांच्याकडे प्रथा नव्हती, परंतु पुढल्या अंकात एका पानाच्या तळाशी चार ओळींची जागा रिकामी राहत होती आणि संपादकीय तत्त्वे अशा रिकाम्या जागांतच बदलतात. छापून आले ते असे : ‘पृष्ठ ४१. "आमच्या परिचयातील एक गृहिणी" याऐवजी "गोदावरी" असे वाचावे. "ज्या भाषेचा तिला गंध नाही त्या भाषेतील" हे शब्द गाळावेत. "ही रसास्वादाची नव्हे, पचनाची क्रिया आहे" याऐवजी "लेखकाला ती कळली नाही" असे वाचावे.’

मूळ वाक्य शोधून, दुरुस्त्या करून वाचण्याची तसदी वाचक घेणार नाहीत, असे मला वाटले होते. नाशिकच्या वाचकांनी ती घेतली. ‘गोदावरी गाणी ऐकून रोज दुपारी दोन ते चार रडते, लेखकाला ती कळली नाही.’ माझ्या कारकिर्दीतील सर्वांत प्रभावी वाक्य म्हणून त्याचे स्वागत झाले. नदीसाठी काम करणाऱ्या एका मंडळाने, प्रदूषणाची वेदना इतक्या थोड्या शब्दांत कोणी मांडली नव्हती, असे कळवून शाल आणि श्रीफळ देऊ केले. घाटावर काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक अधिकाऱ्याने हे वाक्य वाचावे, असे एका वाचकाने लिहिले. पुढच्या अंकात पाटबंधारे खात्यातील एका निवृत्त अभियंत्याचे पत्र आले : लेखकाने नमूद केलेली दुपारी दोन ते चार ही वेळ धरणाच्या विसर्गाच्या नोंदींशी जुळत नाही, ‘रडते’ म्हणजे किती क्युसेक, हे लेखकाने आकड्यांत सांगावे.

मी कोणालाही उत्तर दिले नाही. शाल नाकारली. या शहराने दुसऱ्यांदा एका शब्दाचा स्वतःचा अर्थ लावला होता आणि या वेळी मला त्याचा राग आला नाही. मला दिवसभर घरात कोणाशी तरी त्यावर बोलावेसे वाटत होते आणि मंगलाबाई सकाळी नऊलाच गेल्या होत्या.

अभियंत्याचे पत्र छापून आले त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडून प्रस्तावना झाली नाही. कोणीतरी हसत होते. आधी आवरून, मग न आवरता. मी अठ्ठावीस वर्षे एका घरात ज्या बाईबरोबर राहिलो तिचे हसणे असे असते, हे मला माहीत नव्हते, किंवा माहीत होते आणि मी त्याची कोठे नोंद केली नव्हती.

"क्युसेक," ती एवढेच म्हणू शकली. "अहो, क्युसेक."

मी फोन कानाला धरून उभा होतो. माझ्यापाशी या प्रसंगासाठी तयार केलेली वाक्ये होती. ती टेबलाच्या खणात, आणि फोनची वायर तिथवर पोचत नव्हती.

"ये," मी म्हणालो.

तिचे हसणे थांबले. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. इगतपुरीचा, बोलणे अडवणारा. ती नाही म्हणेल किंवा फोन ठेवेल, असे मला वाटले, आणि दोन्हींसाठी मी तयार नव्हतो.

"मी नाही येणार," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं तर तुम्ही या. चहा देईन. पण येताना एकही कागद आणायचा नाही."

मी त्याच दुपारची गाडी धरली. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारच्या माणसाने, कुठपर्यंत, असे विचारले आणि मी सांगितले. विल्होळी मागे पडले तरी माझे दोन्ही हात मांडीवर तसेच रिकामे पडून होते. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांच्यात काही नव्हते, आणि हातांचे काय करतात ते मला आठवेना.